आधी नमुना आठ, मग शेळी

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या माळावर पावसाचा भरवसा नाही, म्हणून इथल्या शेतकऱ्याने म्हैस धरली. गावोगाव भट्ट्या पेटल्या. पाचेक लिटर दूध आटवून किलोभर खवा निघतो. त्यावर तालुक्यातल्या कितीतरी घरांचा दुष्काळ निभावला. धंदा गरिबी हटवतो, याचा दाखला आमच्या दारातच आहे. पण इथल्या पारधी वस्त्यांपर्यंत ही बरकत फारशी पोचली नाही. त्याचं कारण विचारलं की "त्यांना कष्ट नकोत" असं उत्तर मिळतं. ते मला संतापजनक वाटतं.

धंदा नुसत्या कष्टावर उभा राहत नाही. दूध घालणाऱ्याला म्हैस घ्यायला व्यापाऱ्याकडून उचल मिळते, ती त्याचं घर, वावर, सोयरे देणाऱ्याला ठाऊक असतात म्हणून. पारध्यांच्या वाट्याला मात्र ओळखीऐवजी संशय आला. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. धाराशिव तेव्हा निजामाकडे होतं, तरी तो शिक्का इथल्या पारध्यांवरही बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय उरला. पारधी माणूस बाजारात शेळी घेऊन आला की आधी विचारतात, कुठून आणलीस? मग भाव पाडतात.

खरं तर उस्मानाबादी शेळी भूमिहीनाला शोभणारा धंदा. काटक, माळावरचा पाला खाऊन राहणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. पण तिला चरायला गायरान हवं, बांधायला हक्काचं अंगण हवं. गायरानावरची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही गायरानावरच्या अनेक पारधी वस्त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाही. नोंद नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही.

मग उरतो ऊसतोडीचा कोयता. मुकादमही उचल देतो, साखरही धंदाच आहे. पण म्हशीच्या उचलीतून दावणीला जनावर राहतं. कोयत्याच्या उचलीतून पुढच्या हंगामाचं देणं राहतं. पारध्यांसारख्या आदिवासींना रोजगार दिला म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाला मी हेच विचारीन: हंगाम संपल्यावर त्यांच्या मालकीचं काय उरलं?

मालकीसोबत सौदाही हाती लागतो, हे गडचिरोलीत दिसलं. तिथल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं आणि त्यानंतरच ग्रामसभा आपल्या बांबूचा लिलाव स्वतः करू लागली. बांबू तोच, तोडणारे हातही तेच. फक्त सौदा करणारा बदलला.

भूमला तसं जंगल नाही, पण गायरान आहे. ग्रामसभांनी पारधी घरांची नोंद करावी, बँकांनी तेवढ्या कागदावर शेळ्यांना कर्ज द्यावं. आणि खव्यावर मोठे झालेल्या आमच्या व्यापाऱ्यांनी पारध्याच्या दारीही म्हशीची उचल न्यावी, शेजारच्या शेतकऱ्याला देतात त्याच अटींवर.