आधी विचारा तरी

मार्कच्या शुभवर्तमानात बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. येशू रस्त्याने जातोय हे कळताच तो हाका मारू लागतो. लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू?

आंधळ्याला काय हवं असणार हे समोर दिसत असतानाही विचारतो. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा तो प्रश्न जास्त आवडतो.

माझे पाय जन्मापासून कमजोर, कुबड्या घेऊन चालतो. पाचोऱ्यात प्रार्थनासभेला बाहेरगावचा पाहुणा आला की शेवटी माझ्या डोक्यावर हात येतोच. प्रेमानेच येतो, मान्य. पण मी तिथे गायला आलेलो असतो. ‘आमेन’ झाल्यावर सगळे माझ्या पायांकडे बघतात. पाय होते तसेच. मग विश्वास कमी पडला तो कुणाचा? हिशेब माझ्याच खात्यावर. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे बघून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू सांगतो, दोघांचंही नाही. तरी प्रश्न फिरतोच आहे. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचं’ म्हणतात, एवढाच फरक.

बरं व्हावंसं वाटण्यात काही चूक नाही. पण बरा व्हायचा राहिलेला माणूस एवढीच उपासनेत माझी ओळख असेल, तर माझा आनंद कायम पुढच्या तारखेला ढकलला जातो.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या काळात अंध स्त्रियांसाठी घर निघालं. नाव बार्तिमी सदन, याच बार्तीमयावरून. रमाबाईंची मुलगी मनोरमा स्वतः ब्रेल शिकली आणि तिथल्या बायकांना शिकवू लागली. दृष्टी येण्याची वाट न बघता त्या बोटांनी वाचू लागल्या.

माझ्या बोटांना ढोलकी येते. डिसेंबरात आमच्याकडे घरोघरी भजनं होतात. सतरंजी, पेटी, झांजा, नंतर भरीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं ते आपल्या माणसाला ती परकी वाटू नये म्हणून. त्यात माझी सोय आपोआप झाली. चर्चमध्ये ‘उभे राहून गाऊ या’ म्हटलं की मला नुसत्या पाठी दिसतात. सतरंजीवर सगळ्यांची डोकी एका उंचीला. (एका मावशींचे गुडघे वाकत नाहीत, त्यांना खुर्ची लागते. म्हणजे सतरंजीही सगळ्यांची नाहीच.) ठेका माझ्या हातात. मी चुकलो की गाणं अडखळतं आणि मावशी खुर्चीतून डोळे वटारतात. त्या वेळी माझी कीव करायला कुणाला फुरसत नसते. मला उपासनेतला आनंद म्हणतात तो तिथे कळला.

पुढच्या वेळी पाहुण्यांचा हात वर गेला की मीच म्हणणार आहे, आधी विचारा तरी. विचारलं तर सांगेन, घरात कापूस भरून पडलाय, भावासाठी प्रार्थना करा.