कालवाची निमूट सेवा



सृष्टिकर्त्यानें मनुष्यास लहान जीवांकडून पुष्कळ शिकविलें आहे. आज आम्ही कालव ह्या जीवाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. कोंकणांतील बंधूंस तें ठाऊकच आहे. देशावरील बंधूंनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, तें दोन कठीण शिंपल्यांमध्यें राहून खाडींतील खडकास जन्मभर चिकटून असतें.

तें अन्नाच्या शोधार्थ कोठें जात नाहीं. पाणी आंत ओढून त्यांतील सूक्ष्म शेवाळ तें खातें व निवळलेलें पाणी बाहेर सोडतें. अनुकूल स्थितींत एक मोठें कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतें. त्याची शेती करणारा त्यास दाणा किंवा खत घालीत नाहीं. पिंजऱ्यांत बीं ठेवून केवळ राखण करितो. त्या पिंजऱ्यांच्या आडोशास लहान मासे व खेंकडेहि आसरा घेतात.

ही सेवा कां हवी? शेतांतील जास्तीचें खत व गांवांचें सांडपाणी खाडींत गेलें म्हणजे शेवाळ माजतें, ऊन तळास पोहोंचत नाहीं व पाण्यांतील गवत मरतें. पुढें शेवाळ कुजलें कीं प्राणवायु सरून मासे गुदमरतात. कालव शेवाळ खातें तेव्हां त्यांतील नत्र व स्फुरद कांहीं अंशीं त्याच्या मांसांत व शिंपल्यांत सांठतात. पीक काढलें कीं तितका भार पाण्याबाहेर येतो.

अमेरिकेंतील चेसापीक खाडीची गोष्ट पाहा. १८८० च्या दशकांत एकट्या मेरीलँड राज्यांत वर्षाला एक कोटीहून अधिक बुशेल कालवें निघत. लोभानें लोखंडी दाताळीं घालून लोकांनीं त्यांचे थर खरवडून काढिले, गाळ सांचला, १९५० नंतर रोगहि आले. शेवटीं पूर्वीच्या मानानें शेंकडा एकदोनच कालवें उरलीं. मग शहाणपण आलें. २००९ सालीं मेरीलँडनें कायदा बदलून कालवशेतीस वाट मोकळी केली. हॅरिस क्रीक ह्या उपखाडींत २०११ पासून ३५० एकरांवर कालवांचे थर पुन्हां वसविण्यांत आले. २०१६ पासून शेतींतील कालवांच्या मांसाबरोबर निघणारा नत्र व स्फुरद खाडीच्या शुद्धीच्या हिशोबांत धरतां येतो.

परंतु बंधूंनो, येथें एक इशारा आहे. खाडींत येणारी सारी घाण कालवें निस्तरूं शकत नाहींत. एकाच ठिकाणीं फार दाटी केली तर त्यांच्याच विष्ठेनें तळ बिघडतो. सांडपाण्यांतील कालव रोगबीजें आपल्या अंगीं सांठवितें व खाणारा आजारी पडतो. क्षमेच्या भरंवशावर पाप करीत राहणारा क्षमेचा अपमान करितो. तसेंच कालवाच्या भरंवशावर पाणी नासविणारा त्या सेवेचा अपमान करितो.

कोणी म्हणेल, ‘आमचा गांव समुद्रापासून दूर आहे.’ पण आपला ओढा नदीस मिळतो आणि नदी समुद्रास. म्हणून खत माती पाहून व मोजून द्यावें, शेताचे बांध धरावे, शेण व कचरा ओढ्यांत न लोटतां खड्ड्यांत घालावा. उपदेशक बंधूंनीं ह्याचा आरंभ आपल्याच अंगणापासून करावा. कालव दुसऱ्यांची घाण निमूटपणें निस्तरतें. आपण निदान आपली तरी निस्तरूं या.