धुरा आणि मध्यरेषा

धानाची कापणी-मळणी आटोपून मंडईच्या जत्रांचे दिवस सरले आणि बांध्यांतली ओल आटली, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील भंडारा जिल्ह्याच्या गावांतून रात्रीच्या कबड्डी सामन्यांना ऊत येतो. लाखांदूरकडच्या अशाच एका सामन्यास मी गेलो असता, धसकटे खरडून, पाणी शिंपडून नि माती ठोकून सिद्ध केलेल्या त्या मैदानात चुन्याची मध्यरेषा आखलेली होती. आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर जो धुरा, म्हणजे शेतांमधला बांध, होता, त्याच्या वीतभर सरकण्यावरून दोन शेजारी कैक वर्षे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आहेत, असे माझ्या बाजूला बसलेल्या गृहस्थांनी बिडी विझविता विझविता सांगितले.

दोन्ही सीमाच. पण धुरा ओलांडला तर मोजणी, पंचनामा, वेळप्रसंगी फौजदारी. आणि मध्यरेषा ओलांडावयास जो कचरतो त्यास मात्र गडी कोणी म्हणत नाही. तेथे परक्याच्या मुलखात शिरणे हे कर्तव्य, शिरल्यावर आपला दम न तुटू देता घरी परतणे हेही कर्तव्य, आणि पाय धरून ठेवणाऱ्याचे वैर त्या पकडीपुरतेच.

खेळ हे राष्ट्रीय ऐक्याचे आणि सुरक्षेचे साधन होय, ही दृष्टी आता सरकारदरबारी रूढ झाली आहे. २०१४ पासून ३१ ऑक्टोबरला, सरदार पटेलांच्या जयंतीस, एकता दौड निघते. पलीकडे गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागातील तरुणांसाठी पोलीस दल कबड्डी-व्हॉलीबॉलचे सामने भरविते. खाकी वर्दी दिसताच ज्या पोराला कालपर्यंत रानात पळावेसे वाटे, त्याने त्याच वर्दीवाल्याचा चेंडू जाळीवरून परतविला, तर ते काम लहान नव्हे. तथापि एक शंका मनातून जात नाही: काही साधावे म्हणून खेळलेला खेळ हा खेळ उरतो काय?

ब्रह्मसूत्रांनी सृष्टीला ईश्वराची केवळ लीला म्हटले, आणि त्यावरील भाष्यात आचार्य शंकरांनी दोन दृष्टांत दिले: सर्व कामना पुरलेल्या राजाची क्रीडा, आणि बाह्य प्रयोजनावाचून स्वभावतःच चालणारा श्वासोच्छ्वास. हे दोन्ही दृष्टांत कबड्डीत एकाच देहात भेटतात, कारण तेथे श्वास हाच डाव असतो. चढाईस गेलेल्या गड्याच्या चित्तात त्या क्षणी राष्ट्रैक्याचा विचार आला, तर मला वाटते त्याचा दमच तुटेल. ऐक्य पदरात पडते ते, पडलेच तर, त्याचा विसर पडलेला असताना.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच बर्लिन नगरीत, त्याच दिवसांत, एक राज्यसत्ता क्रीडेला वंशाभिमानाच्या गाड्यास जुंपीत होती! खेळाने राष्ट्र एक होते हे खरे. परंतु कोणाला बाहेर ठेवून, ही चौकशी केल्यावाचून त्या एकतेची वाखाणणी करावयास मी तयार नाही.

या खेळाच्या जुन्या प्रकारांची नावेच पाहा: संजीवनी, गामिनी, अमर. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईतो बाहेर बसतो. अमरमध्ये बाद होऊनही तो मैदानातच राहतो, गुण तेवढा प्रतिपक्षास जातो. संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक उठतो. जणू मोक्षाची तीन दर्शने! परंतु सरहद्दीवरच्या जवानाला यांपैकी कोणताही नियम लागू नाही, तेथे पुढचा डावच नसतो. म्हणून खेळाला युद्धाची तालीम म्हणणारे वक्ते ध्वजवंदनाच्या दिवशी भेटतात तेव्हा मला संकोच होतो. भंडाऱ्याच्या रस्त्यांवर पहाटेच्या धुक्यात घड्याळ लावून १६०० मीटर धावणारी मुले पोलीस भरतीसाठी धावतात. ती पोटाची धाव आहे, तिला मी खेळ म्हणणार नाही. आणि आपली सुरक्षा तूर्त तिच्यावरच उभी आहे.

मैदानावरचे ऐक्य मैदानाबाहेर किती टिकते, हा प्रश्न जुनाच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील पाळवणकर बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्यातील हिंदू क्रिकेटपटू सामने जिंकत, आणि चहा मात्र बाळूंना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात मिळे. लाखांदूरकडच्या त्या सामन्यात मध्यंतरास चहा आला तेव्हा माझी दृष्टी नकळत पेल्यांकडे गेली. कागदी पेले होते, किटली एकच होती, आणि कोणी कोणाच्या अगोदर घेतला हे पाहण्याइतकी सवड कोणासच नव्हती, कारण दुसऱ्या डावाची शिटी झाली होती.

पुढे उन्हाळी धानाच्या चिखलणीच्या दिवसांत मी त्याच वाटेने गेलो. मध्यरेषा चिखलात गेली होती. धुऱ्यावर मोजणीचा नवा दगड बसला होता.