कुठले गायकवाड?

गेल्या महिन्यात घर बघायला गेलो होतो. नगरात, सावेडीला. शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण दलालाच्या तोंडी अजून नगरच. दोन खोल्या, मोरी आत, वर पाण्याची टाकी. दलाल बोटांवर मोजत होता : भाऊ, शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना कोपऱ्यावर, बाग हाय, पाइपलाइन रोडला काय मागाल ते मिळतं. आणि वस्ती चांगली.

मी सूतगिरणीतली रात्रपाळी संपवून थेट गेलेलो. केसांत कापूस. तरी ऐकून बरं वाटत होतं. आमच्याकडं नळ पहाटे तीनला येतो, म्हातारी हंडे घेऊन उठते. इथं नुसती तोटी फिरवायची.

मालक बाहेर आला. आडनाव विचारलं. गायकवाड म्हणालो. त्यातून काय कळतंय? मग खरा प्रश्न आला, "म्हणजे कुठले गायकवाड?"

"बौद्ध," मी म्हणालो.

घर आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेलं निघालं. दलालालाही ते तेव्हाच कळलं, बिचाऱ्याला.

शाळा, दवाखाना, बाग, पाणी या यादीत एक सोय त्यानं मोजलीच नव्हती. शेजारी मी नसणं. 'वस्ती चांगली' ती ह्याच सोयीनं, आणि भाव चढतो तोही हिच्यामुळंच.

कायदा आहे. १९५५ चा. १९७६ च्या दुरुस्तीनं त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, राहणं हे सगळं लिहिलंय. अस्पृश्यता म्हणून अडवणं गुन्हा. पण मालक 'नाही' म्हणालाच नव्हता, 'दिलं' म्हणाला होता. पुरावा कुठनं आणू?

आई चिडली. "गप ऱ्हायचं व्हतं. खोटं कोण बोल म्हणलं तुला?"

तिचं बोलणं झटकता येईना. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याच्या पारशी सरायीत पारशी नावानं राहिले होते. वय सव्वीस, आज माझं आहे तेवढंच. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय, चोरलं नाही. मग मी गप राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

पण १९५६ साली त्यांनीच बावीस प्रतिज्ञा दिल्या. खोटं बोलणार नाही, ही त्यांतलीच. नुसत्या प्रतिज्ञेचा धाक घालून मी आईला गप्प करणार नाही. तिनं हंडे वाहिलेत, मी नाही. मला दिसतं ते असं. बडोद्यात त्यांनी झाकलं ते दुसऱ्यांनी कपाळावर डागलेलं होतं. मी झाकलं असतं ते आपण होऊन घेतलेलं. मालकाच्या कानाला दोन्ही एकच. माझ्या तोंडाला एक कसं होईल?

आमच्यातले काही गप राहून तिकडं राहायला गेलेत. त्यांना मी शिव्या देत नाही. पोरं शाळेत जातात, पाणी घरात येतं. एकाकडं गेलो होतो. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून. मी दारातनं 'जय भीम' म्हणालो तर त्यानं आधी जिन्याकडं बघितलं, मग हात वर केला. चहा मात्र झकास पाजला.

रविवारी केडगावात आणखी एक घर बघायला जायचंय. आई म्हणते, ह्या टायमाला मी बी येते, बोलायचं ते मी बोलंन. काय बोलणार ते सांगत नाही. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल तर काय केलंत ते लिहा, पुढच्या अंकात घेऊ.