पहिलं पान

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांची आवाहनं पावसाळ्यात येतात. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक आला, पण त्या अंकातली कथा लिहिली जाते ती घरभर छत्र्या वाळत असताना. नियम ठरलेले. कथा स्वतंत्र, अप्रकाशित हवी. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर. परीक्षकांचा निर्णय अंतिम. आणि शब्दमर्यादा!

माझी कथा 1740 शब्दांची झाली होती, मर्यादा होती 1500. दोन रात्री इथलं एक विशेषण, तिथलं एक ‘खरं तर’ काढत बसले. जेमतेम चाळीस शब्द गेले. तिसऱ्या दिवशी मुलगी मेथी निवडत होती, तिला कथा वाचून दाखवली. धो धो पाऊस, एसटी स्टँडचं गळकं छप्पर, नायिकेचं लहानपण. मुलीनं जुडीवरून मान वर केली ती थेट ‘मामींनी दार उघडलं आणि आत घ्यायच्या आधीच विचारलं, किती दिवस राहणार?’ या वाक्याला. आधीचं पान तिच्या कानावरून नुसतं गेलं होतं. ते काढलं. दोनशे दहा शब्द एकदम गेले, कथेला काहीही झालं नाही. मला थोडं झालं. त्या पावसावर माझा फार जीव होता.

बोलतानाही आपलं असंच होतं. रजा मागायची तर सुरुवात गावच्या जत्रेपासून. ‘माझं चुकलं’ म्हणायचं तर आधी त्या दिवशी डोकं किती दुखत होतं, ते. समोरचा बिचारा दार कधी उघडतंय याची वाट बघत उभा. परवा मोठ्या जाऊबाईंना फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी मी लागेल असं बोलले.” पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “अगं, मी कधीच विसरून गेले.” विसरल्या नव्हत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. पुढे अर्धा तास बोलत होतो.

तुमच्याही कपाटात एखादी कथा पडून असेल, तर पहिलं पान बाजूला ठेवून आज वाचून बघा. आणि असा एखादा फोन राहिला असेल, तर तो कामावर निघायच्या आधीच करा.