मुलाची खुर्ची नेमकी कुणाची?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, ओकच्या लाकडाच्या, लहान मुलांच्या उंच खुर्च्यांचा विषय निघाला होता. कुणीतरी सहज म्हणालं, "दोन वर्षांत लहान पडणाऱ्या वस्तूला एवढं टणक लाकूड कशाला?" ते वाक्य मनातून जात नाही.

मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही, हे कुणी सांगायला नको. पण अशी खुर्ची एका मुलाची नसून घराची असे. आधी थोरल्याची, मग पाठच्या भावंडांची, पुढे नातवंडांची. सुतारही त्याच हिशेबाने काम करी. तो ओलं लाकूड रेषेरेषेने फाडून घेई. सांध्याच्या खाचेतलं भोक आणि तिच्यात बसणाऱ्या टोकाचं भोक एकमेकांसमोर न येता मुद्दाम किंचित पुढेमागे पाडी. लाकडी खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. सरस लागत नसे, खिळा लागत नसे. असे कितीतरी सांधे साडेतीनशे वर्षांनंतरही घट्ट आहेत. कसबाला एवढी दूरदृष्टी असू शकते, याचं मला अपार कौतुक आहे.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने 1960 साली मांडलं, की मध्ययुगीन समाजाला बालपणाची वेगळी जाणीव नव्हती. ती पुढच्या शतकांत हळूहळू घडली. त्याचा मोठा आधार चित्रांचा आणि कपड्यांचा. खरंच, सतराव्या शतकातल्या त्या खुर्च्यांपैकी काही वडिलांच्या खुर्चीच्या छोट्या प्रतीच दिसतात. पण पाय पाहा: खाली फाकवलेले, खुर्ची कलंडू नये म्हणून. हात पाहा: कित्येकांना समोरून आडवा दांडा घालायला भोकं आहेत. चित्रकाराला मूल म्हणजे छोटा माणूस वाटलं असेल. सुताराला मात्र मूल पडतं हे पक्कं ठाऊक होतं. आरिएसने सुताराचीही साक्ष काढायला हवी होती.

माझ्या लेखी मुलांच्या खुर्च्या दोन जातींच्या: मुलाला मोठ्यांच्या टेबलापर्यंत उचलणारी आणि मुलाच्या उंचीला उतरणारी. मला पहिली अधिक प्रेमळ वाटे, कारण ती मुलाला पंक्तीत बसवते. पण तो दांडा आठवला की अडखळायला होतं. त्या पंक्तीतून मुलाला आपल्या मनाने उठता येत नाही. बुटकी खुर्चीसुद्धा ओकची भरीव असेल तर त्याला ती सरकवता येत नाही.

मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथल्या खुर्च्या बुटक्या होत्या आणि हलक्याही. मुलाने खुर्ची स्वतः उचलावी, धक्का लागून पडली तर आवाजावरूनच आपली चूक ओळखावी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली आणि आसपासच्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधनं उभी केली. मूल ज्याला हात घालू शकतं, तेच त्याचं, हे त्यांनाही कळलं होतं.

तेव्हा लाकूड किती वर्षं टिकेल हा प्रश्न घराचा. मुलाच्या बाजूने विचारायचा प्रश्न एकच: त्याला ही खुर्ची हवी तिथे नेता येते का? येत नसेल, तर ती कितीही देखणी, कितीही मायेने घडवलेली असो, ती मोठ्यांचीच खुर्ची आहे.