प्रयोगशाळेतील तिसरा हात : जर्मनी आणि आपण

राष्ट्राराष्ट्रांच्या संशोधनबळाची मोजदाद आज ज्या वर्गवारीने होते, ती १९६३ साली इटलीतील फ्रास्काती गावी भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून निपजली. संशोधक, तंत्रज्ञ आणि इतर साहाय्यक असे तीन वर्ग तीत कल्पिलेले आहेत. या हिशेबाने पाहू जाता दर दहा लक्ष लोकसंख्येमागे जर्मनीत संशोधन-तंत्रज्ञांची संख्या हजाराच्या वर जाते, आपल्याकडे ती शंभराच्या आसपास घुटमळते. आणखी पदे मंजूर करा, अशी मागणी यावरून सहज सुचते; परंतु माझ्या मते या तुटीचे मूळ तंत्रज्ञाच्या दर्जात आहे, आणि ते तसेच राहिले तर मंजूर झालेली पदेही फारशी फळणार नाहीत.

हाइनरिख गाइसलर हा बॉन येथील काच फुंकणारा कारागीर. प्राध्यापक प्लुकर यांच्यासाठी १८५७ च्या सुमारास त्याने ज्या निर्वात नलिका घडविल्या, त्यांच्याच वंशातील नळीने पुढे १८९५ साली राँटगेन यांच्या हाती क्ष-किरण दिले. या कारागिराला बॉन विद्यापीठाने १८६८ साली सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. आपल्याकडेही गुणांचा दुष्काळ नव्हता. कलकत्त्याच्या बऊबझारमधील प्रयोगशाळेत रामन यांना वर्षानुवर्षे साथ देणारे आशुतोष डे विद्यापीठाची पायरी न चढताही प्रयोगात निष्णात होते. पण रामन यांच्या चरित्रातील आठवणींपलीकडे त्यांचे नाव आज किती जण घेतात?

जर्मनीत रसायन-प्रयोगशाळेचा सहायक साडेतीन वर्षे काही दिवस कामावर आणि काही दिवस शाळेत घडतो, पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन ठरलेला उस्ताद कारागीर, होऊ शकतो, आणि माइस्टरचा हुद्दा तेथील अर्हताश्रेणीत प्रथम पदवीच्या पातळीवर मानलेला आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, म्हणजे जर्मनीच्या १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याहूनही जुना. कायद्याचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता! परंतु सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, दप्तरात आयटीआय झालेला माणूस दुसऱ्या गटात नोंदला जातो, शास्त्रज्ञ चौथ्या गटात, आणि बढतीची वाट मुख्यतः आपापल्या गटाच्या आतच फिरते. हा केवळ सेवानियमांचा दोष मानणे भोळेपणाचे होईल. ज्या समाजाने पदार्थाला हात लावणाऱ्यांना आणि ग्रंथ वाचणाऱ्यांना शतकानुशतके जन्मावरून वेगळे बसविले, त्याचीच पंगत येथे सरकारी शिरस्त्याच्या रूपाने मांडलेली आहे; म्हणूनच हुशार फिटर पहिली संधी मिळताच पदविका, मग पदवी मिळवून यंत्रापासून दूर, मेजाकडे सरकतो, आणि त्याला दोष देववत नाही.

जर्मन व्यवस्थेचे स्तोत्र गाण्याचाही माझा हेतू नाही. तेथील बहुतेक प्रांतांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि त्या निवडीवर आईबापांच्या परिस्थितीची छाया पडते हे तेथील अभ्यासकच सांगत आले आहेत. ती चाळणी उचलून आणावी असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे चाळण्या पुष्कळ आहेत.

घ्यायचे ते एवढेच, की काच, शिसे, निर्वात पंप यांवर वीस वर्षे घालविलेल्या माणसाला यंत्र न सोडता वरचा पगार आणि शोधनिबंधावर नाव मिळावे. आज असा माणूस निवृत्त झाला की पुष्कळ ठिकाणी त्याची जागा मक्त्याने भरतात, आणि बिघडलेले आयात यंत्र विक्रेत्याचा अभियंता येईपर्यंत झाकून ठेवतात. तो खर्च जमाखर्चात देखभालीच्या खाती पडतो. तंत्रज्ञांच्या तुटीच्या खाती त्याची नोंद होत नाही.